शेळीची परतीची खेप

नागपूरलगतच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात रुपराव डाखोळेंना सगळे ‘भिंत’ म्हणत, आणि तोंडावर म्हणत. भिंतीला कुठं राग येतो? अमरावती रोडवरून दिवसभर ट्रक येत, हमाल बोंबलत, ड्रायव्हर एकमेकांच्या खानदानाचा उद्धार करत, आणि हा माणूस आपला टेबलाशी बसून बिल्टीमागून बिल्टी लिहीत राही. कोणता माल, किती नग, कुठून कुठं. बस. एकदा पत्र्याच्या पेटीखाली त्यांचं बोट चेंगरलं. बिल्टीवर लाल ठिपका पडला तेव्हा हमालांचा मुकादम नत्थूजी ओरडला, “अरे बाप्पा! रुपरावभाऊ, बोट पाहा ना गा! रक्त निघून राह्यलं!” रुपरावांनी बोट डोळ्यांसमोर धरलं, शेजाऱ्याचं असल्यासारखं न्याहाळलं आणि म्हणाले, “हो, निघून राह्यलं खरं.” मग रुमाल गुंडाळला आणि पुढची बिल्टी ओढली.

आता कोणी म्हणेल, असेल एकेकाचा स्वभाव. अजिबात नाही! हा माणूस चांगला बोलका होता. नरखेडकडच्या खेड्यातून मॅट्रिक होऊन नागपुरात आला तेव्हा हिशेबाइतकाच कोड्यांचा नादी. हमालांना कोडी घाली, ड्रायव्हरांना घाली, आणि घरी एकुलती एक पोर पंचफुला, तिला तर जेवण झालं की ताटावरून उठूच देत नसे. वाघ, शेळी आणि गवताच्या पेंडीचं कोडं तिचं लाडकं. नदी म्हणजे फरशीवरची पाण्याची रेघ, नाव म्हणजे रिकामी काड्यापेटी, वाघ म्हणजे सुपारी, गवत म्हणजे कोथिंबिरीची काडी आणि शेळी म्हणजे फल्लीचा दाणा, शेंगदाणा. नावेत माणसासोबत एकच मावतं. माणूस नसला की वाघ शेळीला खातो, शेळी गवताला खाते. सांग, तिघांना पलीकडं कसं न्यायचं? फुला लहान असताना एकदा विचार करता करता शेळीच खाऊन बसली. रुपराव इतके हसले, इतके हसले, की बायको रुखमाबाई ओरडली, “अजी, पोट दुखल ना!”

त्या फुलाला काटोलात दिली. घर संत्र्याच्या व्यापारातलं, मालकीची बाग, मंडीत गाळा, सासरे मनोहरराव वजनदार माणूस, आणि मुलगा एकुलता. पाहणारे म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. डोंबलाचं नशीब! नवरा पिऊन यायचा आणि हात उचलायचा. सासू म्हणायची, मर्द माणूस आहे, उचलतो एखाद्या वेळी. पहिल्या दिवाळीला फुला माहेरी आली तेव्हा नरकचतुर्दशीला तेल लावताना रुखमाबाईनं पोरीचं सुजलेलं मनगट पाहिलं आणि नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं. रुपराव म्हणाले, “नवं घर आहे. बसल जम हळूहळू.” रविवारी गोदामाला सुट्टी असते. त्या रविवारी ते तिला काटोलला पोचवून आले.

दुसऱ्यांदा ती चैत्रात आली, न बोलावता. भर दुपारी एकटी, हातात वायरची पिशवी, पायात चप्पल नाही. कानाजवळ निळा डाग. बापाला म्हणाली, “बाबा, मले तिथं पाठवू नोका.” एवढंच. रुपरावांना आठवलं काय, तर दिल्या घरची पोर, चार लोक, आणि काटोलातलं मनोहररावांचं वजन. दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा असलेला माणूस तो. रुखमाबाई चुलीपुढं रडत राहिली, आणि रविवार आल्यावर रुपरावांनी पोरीची पिशवी उचलली.

मनोहररावांच्या ओसरीवर चहा आला. अवघडलेपण मोडायला म्हणून रुपराव हसून व्याह्याला म्हणाले, “इवाईबुवा, आमच्या गोदामात एक म्हनतात. एकदा उतरलेला नग परत चढत नाही. आता हे पोट्टी तुमचीच. सांभाळून घ्या.” गोदामात खरंच तशी रीत होती. उतरवलेला नग त्याच गाडीत परत चढवला तर गाडी रस्त्यात बसते, असं नत्थूजी आणि त्याचे हमाल मानत. शेठनं हुकूम केला तरी हात लावत नसत. मनोहरराव मांडीवर थाप मारून हसले. फुला आतल्या दारात ट्रे धरून उभी होती. ती हसली नाही, रडली नाही. कप गोळा केले आणि आत गेली.

त्या दिवशी परतीच्या एसटीत रुपराव खिडकीशी बसले, आणि त्यांच्या आतलं काहीतरी बंद पडलं. राग नाही, रडू नाही, पश्चात्तापही म्हणावा तर तोही नाही. जेवण तोंडात जाई, चव लागत नसे. नत्थूजी रोज घोटून द्यायचा तो सुपारी-तंबाखूचा खर्रा त्यांनी सोडला. सोडला म्हणजे काय, विसरले. रुखमाबाई बोले, हे ऐकत, आणि ऐकलेलं कुठं जाई देव जाणे. फुलाची काही खबर नव्हती. तिसऱ्यांदा ती आली नाही, आणि ती का आली नाही हे रुपराव सोडून सगळ्या वाडीला कळत होतं.

असे महिने चालले होते, आणि तेवढ्यात शेठ ओमप्रकाशनी गोदामात कॉम्प्युटर आणला. सत्त्याऐंशी साल होतं, मोठ्या ट्रान्सपोर्टवाल्यांमध्ये तेव्हा ती हवाच सुटली होती. यंत्राला झेंडूचा हार घातला, काचेवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, नत्थूजीनं उंबऱ्यावर नारळ फोडला. मग सगळे त्याच्याकडे बघत उभे राहिले, कारण ते चालवणार कोण? शेठनी इकडंतिकडं पाहिलं आणि बोट दाखवलं. “रुपराव सीखेगा.” भिंतीला जिथं उभं केलं तिथं भिंत उभी राहते, नाही का! दुसऱ्या दिवसापासून रुपराव काम संपलं की सायकल मारत नागपुरातल्या महाल भागात जाऊ लागले. तिथं एका भांड्यांच्या दुकानावर माडीवर कॉम्प्युटरचा क्लास होता.

क्लासमध्ये सोवळं तर देवळापेक्षा कडक. चप्पल बाहेर, पाय पुसायचे, काचेच्या खोलीत गारेगार हवा. सगळी कॉलेजची पोरं, आणि त्यांच्यात कानावर पेन ठेवलेले पन्नाशीचे रुपराव. शिकवणारा अनंत काडीपैलवान, चष्मेवाला, आणि उत्साह असा की बोलता बोलता खुर्चीवरून पडेल. पोरं चकाट्या पिटत, रुपराव सांगितलं तेवढं करत. ते त्यांना बरं वाटू लागलं होतं. यंत्र विचारत नाही, जेवलात का म्हणून. यंत्र विचारत नाही, पोरगी कशी आहे.

शेवटच्या महिन्यात अनंतनं नवा धडा काढला. स्वतःच स्वतःला बोलावणारं फंक्शन. पोरांची तोंडं वाकडी झाली. अनंत म्हणाला, “सोपं आहे रे! समजा, डाखोळेकाकांना नदीपार सामान न्यायचं आहे. काका सगळं करत नाहीत. काका म्हणतात, मी एक खेप मारतो, उरलेलं तू बघ. हा ‘तू’ कोण? तोही डाखोळेकाकाच! तो दुसरा काका एक खेप मारतो आणि तिसऱ्या काकाला म्हणतो, उरलेलं तू बघ. सगळ्यात आतल्या काकाला दिसलं की सगळे पार झाले, तर तो ‘जमलं’ म्हणतो. आणि त्याची वाट अडली तर तो ‘नाही जमलं’ म्हणून बाहेरच्याला सांगतो, मग बाहेरचा दुसरी वाट पाहतो. आतल्याचं उत्तर येत नाही तोवर बाहेरचा जागेवरून हलत नाही.” पोरं हसली. रुपरावांना मात्र ते लगेच समजलं. एका काठावर रांगेनं उभे असलेले रुपराव, प्रत्येक जण आतल्याच्या उत्तराची वाट बघतोय, कोणी हलत नाही. हे तर ते रोजच करत होते.

मग अनंतनं परीक्षेचं काम दिलं. वाघ, शेळी आणि गवत, प्रत्येकानं प्रोग्राम लिहायचा. रुपरावांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. कोडं त्यांना आठवत होतं, काड्यापेटी आठवत होती, दाणाही आठवत होता. उत्तर तेवढं आठवत नव्हतं. अहो, ज्यानं हे कोडं शंभरदा घातलं त्यालाच उत्तर आठवू नये? पण होतं असं माणसाचं. जे आठवलं तर उठावं लागेल, ते आठवतच नाही.

उत्तर यंत्रच शोधणार होतं, त्यांनी फक्त सांगायचं होतं की कसं शोध. अलीकडे काय, पलीकडे काय, कोण कोणाला खातो, हे त्यांनी बिल्टीसारखं नीट लिहून काढलं. नावेत आधी शेळी नेऊन बघ, मग वाघ, मग गवत, आणि काहीच जमलं नाही तर रिकामा जा. एक खेप मार आणि पुन्हा स्वतःलाच बोलाव. बटण दाबलं. काळ्या काचेवर हिरव्या ओळी धावू लागल्या. शेळी पलीकडे. शेळी अलीकडे. शेळी पलीकडे. शेळी अलीकडे. वाघ तिथंच, गवत तिथंच, आणि शेळीच्या आपल्या खेपांवर खेपा. शेवटी यंत्राची जागा भरली आणि ते ठप्प झालं. मागून एक पोरगा फिदीफिदी हसला. “काका, तुमची शेळी तर एसटीनं अप-डाऊन करून राहिली!”

सगळा क्लास हसला. रुपराव काचेकडे बघत राहिले. दिवाळीत आली, पोचवली. चैत्रात आली, पोचवली. शेळी पलीकडे, शेळी अलीकडे. त्यांना वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल, छातीत कळ येईल, डोळे भरतील. काही झालं नाही. ते थांबून वाट पाहत होते, आणि काहीच झालं नाही. मग त्यांनी प्रोग्राम दुरुस्त करायला घेतला.

दुरुस्ती त्यांना सुचली ती गोदामातलीच. दुसरी कुठून सुचणार? वीस-बावीस वर्षं जे हाताखालून गेलं तेच बोटांतून उतरलं. जाताना एक नग घेऊन जायचं, येताना रिकामं यायचं, आणि एकदा उतरलेला नग परत चढवायचा नाही. लिहून टाकलं. बटण दाबलं. या वेळी ओळी धावल्या नाहीत, शेळी फेऱ्या मारत बसली नाही. एकच ओळ आली: नो सोल्यूशन. उत्तर नाही.

रुपरावांनी पुन्हा बटण दाबलं. उत्तर नाही. पुन्हा दाबलं. उत्तर नाही. आणि काय सांगू तुम्हाला, त्या माणसाला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं. जीव सुटल्यासारखं. म्हणजे नाहीच की उत्तर! इतकं महागाचं यंत्र, सगळ्या वाटा धुंडाळून आलं, आणि तेच म्हणतंय नाही म्हणून. मग एका बिल्टीवाल्यानं काय करायचं होतं? अनंत त्या दिवशी लवकर गेला होता, त्यामुळे अडवणारंही कोणी नव्हतं. रुपराव सायकलवरून घरी आले ते चक्क घंटी वाजवत.

घरी रुखमाबाई भाकरी थापत होती. रुपराव पाटावर बसले आणि आपणहून बोलले. रुखमाबाईचा हात थांबला, इतकी ती गोष्ट नवी होती.

“मशीननं सांगतलं,” रुपराव म्हणाले, “उत्तर नाही म्हनते.”

“कायचं उत्तर?”

“ते वाघ, शेळी अन् गवताचं. माह्या परीक्षेले तेच आलं. सगळ्या तऱ्हेनं पाह्यलं त्यानं. नाहीच म्हनते.”

“असं कसं जी नाही?” रुखमाबाईनं पिठाचे हात तसेच धरले. “फुलानं नव्हतं का सांगतलं? चौथीत होती. इथंच तं बसले होते तुमी दोघं. तिनं दाना पलीकडं नेला. मंग सुपारी नेली, अन् येताना दाना परत घेऊन आली. तुमी म्हटलं, काहून वं, पार केलेल्या शेळीले परत काहून आनलं? तं काय म्हने ते?”

रुपरावांनी पाटासमोरच्या फरशीकडं पाहिलं.

“म्हने, बाबा, तिथं वाघ हाये ना.”

चुलीवरची भाकरी करपायला लागली. रुखमाबाईनं ती उतरवली नाही. “तुमी तिले उचलून खांद्यावर घेतलं होतं,” ती म्हणाली. “सगळ्या आळीत सांगत फिरले, माही पोट्टी हुशार हाये म्हनून. अन् आता मशीनले इचारून राह्यले! सहा महिने झाले, मी या भिंतीपाशी बोलून राह्यली. मले माही पोरगी पाह्यजे. तुमचं मशीन घाला चुलीत!”

रुपरावांनी भाकरी उतरवली. बोट भाजलं. त्यांना ते उशिरा कळलं, पण कळलं.

दुसऱ्या दिवशी अनंतनं त्यांचा प्रोग्राम वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “काका, उतरलेलं परत चढवायचं नाही, ही अट कोणी घातली? कोड्यात तर नाही.”

“म्याच घातली.”

“मग काढून टाका ना! तिच्यामुळंच सगळं अडून राहिलं.”

“काढली तं शेळी अप-डाऊन करते.”

“परत आणल्यानं नाही करत, काका.” अनंतला चेव आला, त्यानं खडू उचलला. “परत आणायचं, काही बदलायचं नाही, आणि पुन्हा जिथल्या तिथं नेऊन सोडायचं, त्यानं फेऱ्या होतात. तुम्ही मशीनला एवढंच लक्षात ठेवायला सांगा, की एकदा जसे उभे होतो तसे पुन्हा उभे राहायचं नाही. परत यायला मनाई नाही. तेच पुन्हा करायला मनाई आहे.”

बिचारा पोरगा! आपण काय बोललो याचा त्याला पत्ता नव्हता. तो फळ्यावर चौकोन काढत होता, आणि रुपराव खाली मान घालून ती ओळ पुसत होते. आपणच घातलेली अट. तिच्या जागी त्यांनी यंत्राला आठवण ठेवायला शिकवलं. बटण दाबलं. शेळी पलीकडे. माणूस रिकामा परत. वाघ पलीकडे. शेळी परत. मग आणखी काही ओळी, आणि शेवटी ‘सगळे पार’. अनंतनं टाळी वाजवली, पोरांनी चहा मागवला. रुपराव चौथ्या ओळीकडे बघत बसले. चहा आला तेव्हा त्यांची खुर्ची रिकामी होती.

ते काही ठरवून काटोलला गेले असं म्हणता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाला म्हणून निघाले आणि स्टँडवर पोचले. बुधवार होता. वीस-बावीस वर्षांत बिनसुट्टीचा खाडा या माणसानं केला नव्हता. रस्त्यानं आंबिया बहराची संत्री झाडांवर पिवळी पडत होती. रुपरावांनी ती पाहिली असतील, नसतील.

मनोहरराव ओसरीवरच होते. फुलानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. खांद्याची हाडं वर आली होती. बापाकडे न पाहता ती मागच्या अंगणात भांड्यांकडे निघून गेली.

“आज कसं काय जी, मधल्या वारी?” मनोहरराव म्हणाले.

“फुलाले न्यायले आलो.”

“दसऱ्याले न्यायची ना. बरं, किती दिवस ठेवता?”

“न्यायले आलो,” रुपराव पुन्हा म्हणाले. आवाज असा, की बिल्टीवर नग लिहितायत. “आता पाठवत नाही.”

मनोहररावांना आधी गंमत वाटली. “इवाईबुवा, तुमीच तं म्हटलं होतं, उतरलेला नग परत चढत नाही म्हनून!”

“म्हटलं होतं. चुकलं माहं. पोरगी नग नोहे.”

मग मात्र भडका उडाला. सासू बाहेर आली, तिनं तोंडाचा पट्टा सोडला. मनोहररावांनी लोक काय म्हणतील ते काढलं, लग्नात काय काय झालं ते काढलं, बघून घेईन म्हणाले. नवरा बागेत पडला होता म्हणे, तो आलाच नाही. रुपराव दारात उभे. ना आवाज चढवला, ना पाऊल मागं घेतलं. भिंतीचा असाही उपयोग असतो, हे त्या घराला त्या दिवशी कळलं. शेवटी सासू मागच्या दारी जाऊन खेकसली, “ऊठ वं, तुहा बाप न्यायले आला.” फुला हात पुसत आली, वायरची पिशवी भरली आणि बापाच्या मागून चालू लागली.

स्टँडवर रुपरावांनी फल्लीदाण्याची पुडी घेऊन तिच्या हातात दिली. तिनं ती उघडली नाही, पिशवीत टाकली. गाडीत खिडकीशी बसून ती बाहेर बघत राहिली. रुपरावांना सांगायचं होतं. बाई, आता नाही पाठवत, असं सोपं वाक्य होतं. ओसरीवर व्याह्यासमोर निघालं ते पोरीसमोर तोंडातून निघेना. काय तोंडानं सांगणार? ज्या तोंडानं नग म्हटलं त्याच? नागपूर आलं, वाडीची बस आली, घर आलं, आणि ते वाक्य तसंच राहिलं.

रुखमाबाई पोरीला पोटाशी धरून रडली. फुला उभी राहिली, जसं धरलं तसं. नंतरचे दिवस ती घरातलं सगळं काम करी, विचारलं तेवढं बोले. रुखमाबाईनं तिला नवी चप्पल आणली, ती तिनं पायात घालून बघितली. शेजारणी विचारत, “किती दिवसांसाठी आली वं?” ती हसल्यासारखं करी. पिशवी खुंटीला होती. त्यातली एक साडी काढी, धुऊन वाळवी, घडी करून परत पिशवीत ठेवी. रुखमाबाईला वाटलं, थकली आहे पोर, कपडे फळीवर लावेल हळूहळू.

मग रविवार आला. रुपराव तोंड धुऊन आत आले तर फुला उंबऱ्याशी बसलेली. न्हालेली, वेणी घातलेली, काटोलची साडी नेसलेली. पायात नवी चप्पल. पिशवी मांडीवर.

“चाला, बाबा,” ती म्हणाली. “ऊन तापायच्या आत पोचलेलं बरं.”

तक्रार नाही, रडणं नाही, राग तर नाहीच. तो आवाज रुपरावांनी ओळखला. तो त्यांचा स्वतःचाच होता. बोटातून रक्त निघत असताना ज्या आवाजात ते ‘हो, निघून राह्यलं खरं’ म्हणाले होते, तो. पोर काहीच मागत नव्हती, कारण बाप रविवारी काय करतो हे तिला पाठ होतं.

रुपराव तिच्यासमोर जमिनीवर बसले. तिच्या मांडीवरची पिशवी घेतली आणि एकेक वस्तू काढून मागं फरशीवर ठेवू लागले. साडी. पोलकं. फणी. तळाशी फल्लीदाण्याची पुडी निघाली, न उघडलेली. त्यांनी ती फोडली, एक दाणा काढला आणि उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवला.

“आता नाही नेत तुले,” ते म्हणाले. “तिथं वाघ हाये ना वं.”

आणि मग त्या माणसाला रडू फुटलं. कसं म्हणून सांगू! हंबरडा तो. रुखमाबाई आतून धावली, शेजारी दारात आले, बापमाणसानं असं रडावं का म्हणून एकमेकांकडे बघू लागले, आणि रुपराव दोन्ही हात फरशीवर टेकून लहान पोरासारखे रडत राहिले. दिवाळीपासूनचं सगळं एकदम दुखायला लागलं होतं, मनगट, कान, भाजलेलं बोट, सगळं. त्यांना थांबायचं नव्हतंच.

फुला बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं तो दाणा उचलला आणि मुठीत धरला. मग पायातली चप्पल काढून तिनं ती आत, दाराआड ठेवली.